नवीन ड्रोन घेतलाय? उडवायच्या आधी या चुका टाळा

दर सुट्टीच्या सीझनला तेच. कोणीतरी नवीन ड्रोन घेतो, बॉक्स उघडून तासाभरात एखाद्या धरणावर नाहीतर घाटमाथ्यावर पोचतो आणि संध्याकाळी मेसेज येतो, "दादा, ड्रोन परत आला नाही, काय करू?" मी पहिला प्रश्न हाच विचारतो की उडवायच्या आधी चालू करून जमिनीवर किती वेळ ठेवला होतास. उत्तर बहुतेक वेळा "लगेच उडवला" असंच येतं. माझं स्पष्ट मत आहे, नवीन पोरांचे ड्रोन जातात ते उडवता येत नाही म्हणून कमी आणि घाईमुळे जास्त. जीपीएसवाला ड्रोन रिमोटच्या स्टिक सोडल्या तरी हवेत एका जागी थांबतो, त्यामुळे पाच मिनिटांत आपल्याला सगळं जमतंय असं वाटायला लागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

होम पॉइंट न बघता टेकऑफ

ही चूक बघून बघून मी खरंच कंटाळलोय, म्हणून जरा सविस्तर.

ड्रोन चालू केला की तो आधी सॅटेलाइट शोधतो. पुरेसे सॅटेलाइट मिळाले की तो "मी आत्ता इथे आहे" हे लक्षात ठेवतो, तोच होम पॉइंट. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की रिटर्न टू होम चालू होतं आणि ड्रोन याच जागी परत येतो. आता सॅटेलाइट मिळायच्या आधीच तुम्ही उडवला तर? बरेच ड्रोन उडू देतात. आणि मग हवेत असताना जेव्हा केव्हा सिग्नल पक्का होतो, तेव्हा ड्रोन जिथे असेल तीच जागा होम म्हणून नोंदवली जाते. तुम्ही कुठे उभे आहात याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला झालेला प्रकार सांगतो. मित्राचा चुलतभाऊ, कॉलेजातला पोरगा, जुना सेकंडहँड ड्रोन घेऊन आमच्याबरोबर आलेला. सूर्य मावळतीला आणि याला सूर्यास्ताचा शॉट पाहिजे. मी म्हटलं अरे थांब जरा, सॅटेलाइट येऊ देत, सहा-सातच दिसतायत. "हो हो दादा" म्हणत त्यानं दोन्ही स्टिक आत ओढल्यासुद्धा, आणि ड्रोन थेट पाण्यावर. थोड्या वेळानं फोनमधून इंग्रजीत सूचना आली की होम पॉइंट अपडेट झालाय, मॅपवर तपासून घ्या. ती मलाही ऐकू आली नाही कारण मी माझी बॅटरी बदलायला गाडीपाशी गेलेलो, आणि बाकीचे सगळे स्क्रीनवरचं केशरी पाणी बघण्यात दंग. तेव्हा ड्रोन काठापासून बराच आत होता.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. बॅटरी उतरली, रिमोट टुक टुक करायला लागला, ड्रोन आपोआप परत निघाला. पोरगा निवांत, "येतोय येतोय, ऑटोमॅटिक येतोय." ड्रोन आला, पाण्यावर एका जागी थांबला आणि सरळ खाली उतरायला लागला. मी लांबूनच ओरडतोय की कॅन्सल दाब, कॅन्सल दाब आणि काठाकडे ढकल, पण रिटर्न कॅन्सल करता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. स्टिकला हातही न लावता तो नुसता बघत उभा राहिला. खाली टेकेपर्यंत चारही पाती फिरत होती, पाण्यावर गोल तरंग उठले आणि मग एक बाजू कलंडली. मासे पकडणारे एक मामा ट्यूबवर बसून तिथपर्यंत गेले, पण हाताला काही लागलं नाही. ड्रोन गेला, कार्ड गेलं, दिवसभराचं सगळं शूटिंग गेलं.

माझी सवय अशी: ड्रोन जमिनीवर ठेवायचा, चालू करायचा आणि मग पाणी प्यायचं, आजूबाजूच्या तारा-झाडं बघायची, वारा बघायचा. ॲपमध्ये होम पॉइंट नोंदवला असं आलं की मॅप उघडून तो ठिपका माझ्याच पायाशी आहे ना हे डोळ्यांनी बघायचं. मग दोन-अडीच मीटरवर उचलून थोडा वेळ तसाच ठेवायचा, चारही स्टिक दिशा तपासायच्या, तो एका बाजूला सरकत तर नाहीये ना ते बघायचं आणि मगच पुढे. बरोबरची मंडळी कंटाळतात, कंटाळू देत. आणि पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात मुद्दाम रिटर्न टू होम लावून ते मध्येच कॅन्सल करून बघा. बोटांना ते बटण ओळखीचं पाहिजे.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे रिटर्नची उंची. ड्रोन परत येताना आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत येतो, मध्ये हाय टेन्शन लाइनचा टॉवर आहे का सुळका आहे हे स्वस्तातल्या ड्रोनला कळत नाही, आणि बारीक तारा तर महागड्या सेन्सरलाही धड दिसत नाहीत. कंपनीनं टाकून दिलेला आकडा तसाच ठेवू नका, प्रत्येक जागी आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू बघून तिच्या वर वीस-तीस मीटर ठेवा. शिवाय स्क्रीनवरची उंची ही तुम्ही जिथून उडवला तिथपासूनची असते. पायथ्याच्या गावातून उडवून डोंगराकडे नेला तर स्क्रीनवर ८० मीटर दिसत असतील आणि समोर कातळ असेल.

बॅटरीचा हिशोब वाऱ्याशिवाय करणं

"अर्धी बॅटरी गेली की परत फिरायचं" हे गणित घरातल्या घरात बरोबर आहे. सह्याद्रीत नाही.

साधा हिशोब करून दाखवतो. छोटा ड्रोन नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला साधारण १० मीटर जातो. वारा सेकंदाला ७ मीटर आहे असं धरा, कड्यावर हा वारा काही विशेष नाही. वाऱ्याबरोबर गेलात तर वेग होतो १७, म्हणजे एक किलोमीटर मिनिटभरात पार. खूष. आता परत या. वेग उरला ३, तेच एक किलोमीटर यायला साडेपाच मिनिटं, आणि वाऱ्याशी भांडताना बॅटरीही जोरात खाल्ली जाते. जाताना दहा टक्के लागले म्हणून येताना दहा लागतील या भरवशावर किती ड्रोन दरीत पडलेत ते घाटातल्या टपरीवाल्यांना विचारा.

वर जमिनीपेक्षा वारा बहुतेक वेळा जास्त असतो, खाली पान हलत नसलं तरी शंभर मीटरवर वेगळाच कारभार चालू असू शकतो. कड्याच्या तोंडावर वारा भिंतीला आपटून वर चढतो आणि मागच्या बाजूला खाली दाबतो. नाणेघाटात पावसाळ्यात पाणी उलटं वर उडतं ते बघायला सगळे जातात, अरे तोच वारा आहे, जो पाणी वर फेकतो तो तुमचा पाव किलोचा ड्रोन सोडणार आहे का? पावसाळ्यात ढगात ड्रोन घालणारे पण असतात. ढग म्हणजे पाणीच आहे आणि बहुतेक हौशी ड्रोन वॉटरप्रूफ नसतात, तेव्हा हे लाड करू नका.

मी काय करतो, आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जातो, म्हणजे परत येताना वारा मदतीला असतो. ४० टक्क्यांना तोंड घराकडे, ३० ला ड्रोन डोक्यावर. कोणी म्हणेल इतकी बॅटरी फुकट का घालवायची. फुकट जात नाही, ती परतीसाठी ठेवलेली असते. आणि वाऱ्यात अडकलातच तर घाबरून वर नेऊ नका, खाली आणा कारण खाली वारा कमी लागतो, मात्र खाली झाडं-कातळ नाहीत हे बघून. स्पोर्ट मोड (जास्त वेगाचा) लावा आणि ड्रोनचं नाक सरळ स्वतःकडे करून या. तरीही येत नसेल तर हट्ट सोडून दिसणाऱ्या मोकळ्या जागेत उतरवा. शेतात उतरलेला ड्रोन चालत जाऊन आणता येतो.

डोंगराच्या सोंडेमागे नेऊन सिग्नल घालवणं हाही नेहमीचाच प्रकार. ड्रोन नजरेसमोर पाहिजे, रिमोट आणि ड्रोनच्या मध्ये कातळ आला की विषय संपला. ॲंटेनाचं टोक ड्रोनकडे रोखायचं नसतं, चपटी बाजू त्याच्याकडे करायची.

गच्चीवरून पहिलं उड्डाण

कृपा करून नको. स्लॅबमध्ये सळया असतात, शेजारी लोखंडी जिना, पाण्याच्या टाकीचं स्टँड, वर मोबाइल टॉवर. ड्रोनचा कंपास यात गोंधळतो आणि मग हवेत गेल्यावर ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल फिरत मोठी मोठी वर्तुळं घ्यायला लागतो. त्यातून काही जण ॲपनं मागितलं म्हणून तिथेच गच्चीवर कंपास कॅलिब्रेट करतात, म्हणजे चुकीचंच पक्कं करून ठेवतात. कॅलिब्रेशन मोकळ्या मातीच्या मैदानात, गाडीपासून लांब, खिशातला फोन आणि हातातलं कडं बाजूला ठेवून.

जानेवारीत तर गच्ची आणि गाव दोन्ही टाळा. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा कॅमेऱ्यात दिसतच नाही, मोटरला गुंडाळला की ड्रोन दगडासारखा खाली, आणि खाली लोक असतात. संक्रांत झाल्यावरही कितीतरी दिवस झाडांना आणि तारांना तुटलेला मांजा लोंबत असतो.

"२५० ग्रॅमच्या आतला आहे, मला नियम नाहीत"

हे कुठून पसरलं देव जाणे. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. नॅनोला, आणि हौसेसाठी उडवत असाल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही, पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मुख्य सवलत ती हीच. रेड (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंदी) आणि यलो (हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागणारा) झोन सगळ्यांनाच लागू आहेत. परवानगीशिवाय उडवता येतं ते ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. नियम मोडले तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलचा एअरस्पेस मॅप (कुठे कोणता झोन ते दाखवणारा) फोनवर उघडतो, जायच्या आधी बघायला दोन मिनिटं लागतात. पुणेकरांनी तर बघायलाच हवा, एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि दुसरीकडे खडकवासल्याला लष्करी प्रबोधिनी, एनडीए. तरी धरणाच्या चौपाटीवर कणीस खात ड्रोन काढणारे मी पाहिलेत. मुंबईत पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात, ते वेगळेच. किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, अभयारण्यात वन खात्याची.

आणि हो, २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पात्यांभोवती प्रॉप गार्ड लावले की तो २५० च्या वर जातो. मोठी बॅटरी लावली तरी तेच.

परदेशातून तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. काकांना दुबईहून आणायला सांगणाऱ्यांनी हे आधी वाचावं, विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

गावात उडवताना आधी सरपंचांना नाहीतर पोलीस पाटलांना सांगा. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या गावांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे लोक रात्र रात्र जागून काढत होते, चोर टेहळणी करतायत अशी भीती होती. ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही. अंधार पडल्यावर तर हौस म्हणून उडवूच नका.

आता पटापट

पाती दोन प्रकारची असतात, खुणा बघून लावा. उलटसुलट लावली की ड्रोन उडायच्या ऐवजी जागेवरच पलटी मारतो आणि मग लोक "पीस डिफेक्टिव्ह आहे" म्हणतात. कडेला नखाएवढी चीर असली तरी पातं बदला, चिकटवू नका.

बॅटरी बसवताना कट्ट आवाज आलाच पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

अपडेट, लॉगिन, ॲक्टिव्हेशन सगळं घरच्या वायफायवर. कड्यावर नेटवर्क नसतं.

उडवून आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी ठेवणं म्हणजे ती फुगवायची सोयच. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही महाग असली तरी.

कोकणात वाळूवरून उडवू नका, मोटरमध्ये वाळू जाते. लँडिंग पॅड नसेल तर गाडीतली पायपुसणी चालते. पाण्याच्या अगदी जवळ उडवताना खालचे सेन्सर फसतात, दोन-तीन मीटर अंतर ठेवाच.

घार मागे लागली तर सरळ वर चढवा. घार वरून झडप घालते, वर चढताना तिला जोर लागतो. विणीच्या काळात घरट्यापाशी उडवलंत तर चूक तुमची आहे, तिची नाही.

ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं. हे डोक्यात बसेपर्यंत मैदानात आठचा आकडा काढत राहा, रील नंतर.

तरीही हरवला तर

रिमोट आणि फोन बंद करू नका. ॲपमध्ये शेवटचं लोकेशन असतं, त्याचा लगेच स्क्रीनशॉट काढा. फोनमध्ये साठलेला शेवटच्या काही सेकंदांचा व्हिडिओ बघा, झाड, विहीर, बांध काहीतरी ओळखीचं दिसतं. जवळ पोचलात की ॲपमधून बीप आणि लाइट चालू करा आणि सगळ्यांना गप्प उभं करा, शांततेत आवाज बऱ्यापैकी लांबून येतो. बॅटरी उरलेली असेपर्यंतच हे चालतं, म्हणून उद्या सकाळी बघू असं म्हणू नका. उसात पडला असेल तर शेतमालकाला विचारल्याशिवाय आत घुसायचं नाही, ऊस मोडतो आणि आत दिशाही कळत नाही, त्यांच्यातलाच कोणी बरोबर घ्या. नाहीच मिळाला तर नाव-नंबर लिहून त्यांच्याकडे ठेवा, ऊसतोडीच्या वेळी सापडलेले ड्रोन मी पाहिलेत. मेमरी कार्ड बहुतेक वेळा शाबूत असतं, बॅटरीला मात्र पुन्हा चार्जर लावू नका.