एसी थंड होत नाही? गॅसच्या आधी मीटर लावा

आमच्या सिंधुदुर्गात एसीच्या कामाला गाडी आली की मालकाचं निदान तयारच असतं. ‘अरे, गॅस भर आणि सोड, माका उद्या देवगडाक जावचा आसा.’ या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच, की गॅसची नळी हातात घेण्याआधी मीटर, म्हणजे मल्टिमीटर, घ्या. गॅस जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला हवी. आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत गळतीइतकाच त्रास विजेचा असतो. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, रात्रभर माडाखाली उघड्यावर उभी गाडी. तांब्यावर हिरवा थर चढतो, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना काळ्या पडतात, वायरिंग उंदीर कुरतडतात.

इंजिन चालू करा, ब्लोअर लावा, एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसरकडे कान द्या. मॅग्नेट क्लच (कॉइलच्या चुंबकाने प्लेट ओढून कॉम्प्रेसर पुलीला जोडणारा भाग) असलेल्या गाडीत ‘टक’ असा आवाज येऊन पुलीचा पुढचा भाग फिरायला लागतो. (काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे हा आवाज शोधत बसू नका.) टक झालं नाही तर इंजिन बंद करून गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर मोजायचं यंत्र, लावा. आर-१३४ए गॅसच्या गाडीत साधारण ३० अंशांच्या हवेत उभ्या गाडीचं प्रेशर ९५ पीएसआयच्या आसपास दिसतं. एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही, पण सिस्टीम रिकामी नाही हे कळतं. प्रेशर अगदीच पडलेलं असेल तर प्रेशर स्विच क्लच बंद ठेवतो, आणि ते त्याचं कामच आहे. तो स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसेल तर ऑइलही परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

प्रेशर ठीक असेल तर विजेच्या वाटेने चला. फ्यूज, मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या, ३० वर सप्लाय येतो आणि ८७ वरून पुढे जातो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा, मिनिटभराचं काम आहे. पुढे क्लचची कॉइल. थंड असताना ती बहुतेक गाड्यांत ३ ते ४ ओहम दाखवते. सकाळी एसी मस्त चालतो, दुपारी बंद पडतो, संध्याकाळी परत सुरू होतो, अशी तक्रार आली तर क्लचची फट, म्हणजे प्लेट आणि पुलीमधलं अंतर, मोजा. झिजून फट वाढलेली असते. कॉइल तापली की तिचा ओहम वाढतो, करंट कमी होतो आणि तिला प्लेट ओढवत नाही. तिथे गॅस भरून काहीही होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. मालवणच्या एका टॅक्सीचा ब्लोअर चारवर लावला तरी वारा जेमतेम. मोटर बदलायला सांगून गाडी माझ्याकडे पाठवलेली. कपलर काढून मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट. इथेच नवखा माणूस फसतो. लोड नसताना तारेची एक बट शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून कपलर परत जोडला, ब्लोअर फुल केला आणि मीटरची एक पिन मोटरच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवेत. आले जवळपास दोन. डाव्या बाजूचं पायाजवळचं प्लास्टिक काढलं तर अर्थचा बोल्ट हिरव्या पावडरीत बुडालेला. मॅट खालून ओली, पावसाचं पाणी तिथेच मुरत होतं. बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टाखाली बसणारी कडी) दाबून बसवला, आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. मोटर तीच राहिली, वारा पूर्ववत झाला. पाणी कुठून येतं ते शोधून बंद करणं हाही याच कामाचा भाग आहे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी परत येईल.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर बहुधा त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलेला असतो. नवीन टाकण्याआधी मोटर हाताने फिरवून पाहा आणि केबिन फिल्टर बघा. रेझिस्टर त्याच वाऱ्याने थंड होतो, वारा अडला की नवाही जळतो. गाडी धावताना थंड आणि फाटकावर उभी राहिली की गरम, तर कंडेन्सर फॅनकडे (पुढच्या जाळीमागे एसीचा गरम गॅस थंड करणाऱ्या पंख्याकडे) जा. मात्र फॅनजवळ हात नेताना चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडा, तो अचानक सुरू होऊ शकतो.

हीटर आपल्याकडे कशाला, असं लोक म्हणतात. भर पावसात घाटात काच आतून धुरकटली की उत्तर मिळतं. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच उबदार ठेवतो, दोन्ही एकत्र लागतात. बॉनेटखालची एसीची जाड नळी गार लागते पण आत गरम हवा येते, अशा वेळी डॅशबोर्डमधली गरम-गार हवेची फ्लॅप फिरवणारी छोटी मोटर तपासा.

शिकायचं असेल तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड चांगला पाया देतो. पण वायरिंग डायग्राम वाचायची सवय स्वतःच लावावी लागते. रोज एक सर्किट कागदावर काढा. पहिल्या पगारात बरा मल्टिमीटर घ्या, गेज नंतर. सेन्सरच्या बारीक तारांना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, कंट्रोल युनिट जाऊ शकतं. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरकडे जाणारी केशरी केबल दिसली, तर त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिला हात लावू नका. ते व्होल्टेज जीवघेणं असतं.