मुलांना मैदानावर पाठवताय? या चुका टाळा

आमच्या बडोद्यात खेळाचं महत्त्व कोणाला पटवून द्यावं लागत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आजोबांच्या पिढीतला कोणी ना कोणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब किंवा लेझीम करून आलेला असतो, आणि तिथले गुरू राजरत्न माणिकराव यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण याच विश्वासातून एक गैरसमज वाढलाय. मुलाला मैदानात सोडलं की शिस्त, सचोटी, चिकाटी सगळं आपोआप अंगी येईल, असं आपण धरून चालतो.

मी चौदा वर्षं संध्याकाळी मुलांना खो-खो शिकवते. मूल ज्या मैदानावर खरं वागायला शिकतं, तिथेच खोटं बोलायला आणि पंचांशी हुज्जत घालायलाही शिकतं. त्यातलं काय अंगवळणी पडेल, हे बरंचसं आपल्या वागण्यावर असतं.

खरेपणाला घरी बोलणी बसतात

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

गेल्या डिसेंबरात आमच्या मुलांचा एक सामना होता. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आमचा अकरा वर्षांचा एक मुलगा पळतीवर होता. खांबाजवळ वळताना पाठलाग करणाऱ्याची बोटं त्याच्या पाठीला लागली. पंचांची नजर दुसरीकडे होती. मुलगा दोन पावलं पुढे गेला, थांबला, स्वतःहून हात वर केला आणि मैदानाबाहेर आला. आम्ही एका गुणानं हरलो.

गेटपाशी त्याचे वडील स्कूटर चालू करत होते. म्हणाले, "पंचांनी पाहिलं नव्हतं ना? मग तुला कोणी विचारलं होतं?"

मुलगा गप्प मागे बसला. त्यानंतरच्या सरावात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कोणाचा हात लागला की तो आधी माझ्याकडे बघायचा, मी पाहिलंय का ते. वर्षभर जे रुजवलं ते एका वाक्यानं हललं होतं.

वडील वाईट नव्हते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सामना बघायला आले होते, पराभव त्यांनाही लागला होता. मी त्यांना एवढंच सुचवलं की भाषण नको, फक्त "तू हात वर केलास ते मी पाहिलं" असं म्हणा. आठवडा गेला, पण ते म्हणाले. पोरगं दुसऱ्या दिवशी मला सांगायला आलं, "ताई, बाबांनी पाहिलं होतं."

तुमच्याकडून असं काही बोलून गेलं असेल तर वेळ गेलेली नाही. मुलाजवळ बसा आणि चुकलं म्हणून सांगा.

रेषेबाहेरून ओरडणं

खो-खोत आठ जण चौकोनात बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून, आणि नववा पाठलाग करतो. बसलेल्यानं पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. पळणारा हातभर अंतरावरून गेला तरी बसून राहायचं. हे बसणं फार अवघड असतं, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी शिकवण तेच आहे. अशा वेळी बाहेरून आई ओरडते, "ऊठ, ऊठ, तो बघ!" मूल उठतं आणि फाऊल होतो. पुढच्या वेळी खो मिळाल्यावरही ते आधी आईकडे बघतं, तोवर पळणारा निसटलेला असतो.

टाळ्या जरूर वाजवा, नाव घेऊन हुरूप द्या. पण कुठे पळायचं, केव्हा उठायचं, हे सांगू नका. राहवत नसेल तर थोडं लांब जाऊन बसा. मी पालकांना समोरच्या झाडाखाली बसवते.

"जिंकलास का?" हा पहिला प्रश्न

त्याऐवजी "आज काय जमलं?" विचारा. किंवा काहीच विचारू नका. हरून आलेल्या मुलाला आधी खायला द्या. सेव-उसळ पोटात गेली की ते आपणहून बोलायला लागतं.

बॅग आईच्या खांद्यावर

दहा वर्षांच्या मुलाची बॅग, पाण्याची बाटली, बूट त्यानंच भरायचे आणि त्यानंच उचलायचे. एखाद दिवस बाटली विसरली तर मित्राकडे पाणी मागेल. मागायला शिकणंही गरजेचं आहे. मे महिन्यात मात्र पाण्याशी खेळ नको, तेव्हा आम्ही माठ भरून ठेवतो.

पळण्याची शिक्षा

ही चूक शिक्षकांची, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही केली. उशीर झाला, पाच फेऱ्या. बोललास, दहा फेऱ्या. मुलं वेळेवर यायला लागली, पण पळणं त्यांना नकोसं झालं. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच मी शिक्षा म्हणून देत होते. आता उशिरा येणारा मुलगा सराव संपल्यावर चुन्याचा डबा, दोऱ्या, खांब जागेवर ठेवतो. त्यात अपमान नाही, आणि कामही होतं.

निवड झाली नाही की क्लब बदलणं

पठाण बंधू आणि पंड्या बंधू याच शहरातून पुढे गेले, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाच्याही घरी आयपीएलचं बोलणं निघतं. मग संघाच्या यादीत नाव नसलं की दुसऱ्या दिवशी नवा क्लब. मूल यातून एवढंच शिकतं की अडचण आली की जागा बदलायची.

मी मुलांना 1947 च्या रणजी अंतिम सामन्याची गोष्ट सांगते. बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या गड्यासाठी 577 धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला कुठल्याही गड्यासाठीचा हा विक्रम थेट 2006 साली मोडला. पण मी 577 पाशी थांबत नाही. भागीदारी सुरू झाली तेव्हा धावफलकावर 3 बाद 91 होते, ते सांगते. मुलांना तो आकडा जास्त लक्षात राहतो.

शिक्षक त्रास देत असतील, मारत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नका. मूल एकाएकी "जायचं नाही" म्हणायला लागलं तर त्याला आळशी ठरवण्याआधी शोध घ्या. कुठे दुखतंय, कोणी चिडवतंय की कोणाची भीती बसलीय? समोरासमोर विचारलं तर मुलं सांगत नाहीत. स्कूटरवर मागे बसलेली असताना सांगतात.

सणांत आणि परीक्षेत सवय तुटू देणं

नवरात्रात मुलं गरब्याहून मध्यरात्री घरी येतात, मार्चमध्ये परीक्षा असते. तेव्हा पूर्ण सराव होणार नाही हे कबूल. पण वीस मिनिटं येऊन दोरीच्या उड्या मारून जाऊ द्या. महिनाभराच्या खंडानंतर पुन्हा गोडी लावायला फार वेळ जातो.

उत्तरायणनंतर दोन-तीन दिवस मैदान जवळजवळ रिकामं असतं. जी मुलं येतात त्यांच्याबरोबर मी आधी जमिनीवर पडलेला मांजा गोळा करते, कारण आम्ही अनवाणी खेळतो. यंदा पाच जण आले. डिसेंबरात हात वर करणारा मुलगा खांबाला अडकलेला गुंता सोडवत होता, आणि त्याचे वडील स्कूटर लावून पलीकडच्या टोकानं मांजा गुंडाळत येत होते.