ऑक्सिमीटर लावताना आधी बोट बघा
आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची बोटं मेंदी-नेलपॉलिशने रंगलेली असतात. मी आधी बिनरंगाचं बोट शोधते, नसेल तर नेलपॉलिश पुसायला लावते. ऑक्सिमीटर म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा. तो साधारण 660 आणि 940 नॅनोमीटरचा प्रकाश बोटातून पार करतो. रक्त कोणता किती शोषतं, त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण काढतो. मधे रंग आला की हिशेब बिघडतो. हात गार असेल तर चोळा, बोट हलवू नका. पहिल्या आकड्यावर मी तर कधीच विसंबत नाही, तो स्थिरावू द्या. 2020 च्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांतला घसरलेला ऑक्सिजन या यंत्राने गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा हुकवला होता. तेव्हा यावलच्या केळीबागेत राबून रापलेल्या बाबांना धाप लागली असेल, तर 94 टक्के दिसलं म्हणून घरी बसवू नका. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचं डॉक्टरांना विचारा.