औषधाचा ‘७३ टक्के फायदा’ कसा तपासायचा

‘या औषधाने मृत्यू ७३ टक्क्यांनी घटले’ असं वाचलं की टक्केवारी बाजूला ठेवा आणि चार आकडे शोधा: औषध किती जणांना दिलं, त्यातले किती दगावले, किती जणांना दिलं नाही, त्यातले किती दगावले.

१९४८ साली प्रसिद्ध झालेली, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची क्षयावरची चाचणी घ्या. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. म्हणजे ७.३ आणि २६.९ टक्के. वजाबाकी १९.६; ती २६.९ च्या ७३ टक्के भरते, मथळ्यातला आकडा येतो तो इथून. आता १०० ला १९.६ ने भागा: साधारण ५. पाच जणांना औषध दिलं की एक मृत्यू टळतो. फारच मोठा फायदा! पण मूळ धोका दहा हजारांत २७ असता आणि तो ७ वर आला असता, तरी मथळ्यात जवळपास हीच टक्केवारी आली असती. तिथे एक जीव वाचवायला ५०० जणांना औषध द्यावं लागतं, दुष्परिणामांचा धोका मात्र पाचशेही जण पत्करतात.

कालावधीही टिपून ठेवा. स्ट्रेप्टोमायसिन एकटंच दिल्यामुळे अनेकांचे जंतू पुढे त्याला दाद देईनासे झाले आणि सुरुवातीचा फायदा बराच ओसरला.

तुलनेचा गटच नसेल तर हिशेब तिथेच थांबवा. माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा त्रास टिपेला पोचल्यावर. सर्दी किंवा पाठदुखी तिथून पुष्कळदा आपोआप उतरते आणि श्रेय गोळीला जातं. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेत ना, तेही बघा. डॉक्टरांनी निवडले तर त्यातल्या त्यात धडधाकट रुग्ण नकळत एकाच बाजूला जमतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नेमकं काय मोजलं ते न पाहिल्याने. हार्ट अटॅकनंतर पडणारे हृदयाचे जादा ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दाबून टाकत. ईसीजी सुधारायचा, म्हणून जीवही वाचत असणार असं मानलं गेलं. ‘कास्ट’ चाचणीने थेट मृत्यू मोजले. १९९१ च्या अहवालात औषधावरच्या ७५५ पैकी ६३ दगावलेले निघाले, प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीवरच्या, ७४३ पैकी २६. तोच हिशेब करा: सरासरी दहा महिन्यांत दर २१ जणांमागे एक जादा मृत्यू.

म्हणून साखर, कोलेस्टेरॉल किंवा हाडांची घनता सुधारल्याची बातमी असेल, तर अटॅक, फ्रॅक्चर आणि मृत्यूंचे आकडे वेगळे शोधा. हिशेब पटला नाही तरी चालू गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा: माझ्यासारख्या शंभर जणांनी ही पाच वर्षं घेतली, तर किती जणांचं काय टळेल आणि किती जणांना त्रास होईल?