काच भरलेला माणिक: ज्योत लावण्याआधी ओळखा, बिलात तसाच लिहा

माणकाची अंगठी दुरुस्तीला आली, की कारागिराकडे देण्याआधी खडा तपासा. चिरांमध्ये शिशाची काच भरलेली माणके 2004च्या सुमारास बाजारात आली आणि आज नागपूरच्या इतवारी सराफ्यात ती सर्रास हाताखालून जातात. डाख लावताना, म्हणजे सोन्याचा सांधा जोडताना, ज्योतीच्या आचेने ही काच बिघडते आणि तेजाबात तर खाल्लीच जाते. मग खड्यावर पांढरट जाळी उमटते आणि भांडण दुकानदाराच्या गळ्यात पडते.

दहापटीचा लूप (छोटं भिंग), पेन टॉर्च आणि काळा कागद एवढ्यावर काम भागतं. खडा स्पिरिटने पुसा, बोटांचा तेलकटपणा चिरेसारखा दिसतो. खाली काळा कागद ठेवा, उजेड बाजूने द्या आणि खडा अगदी हळू तिरका करत जा. चीर नजरेच्या जवळपास रेषेत आली, की काच भरलेल्या चिरेतून निळी-जांभळी चमक उमटते आणि हात जरा हलला की जाते. सप्तरंगी पट्टे दिसले तर घाई करू नका, ते मोकळ्या चिरेतल्या हवेमुळेही दिसतात. चिरेत चपटे, गोलसर बुडबुडे असले तर शंका उरत नाही. शेवटी उजेड वरून पाडा: काच माणकापेक्षा मऊ, तिला तेवढं पॉलिश चढत नाही, म्हणून पैलूवर मंद रेघा दिसतात.

असा खडा कोंदणातून काढूनच डाख लावा. लिंबूरसही ही काच खातो, हे गिऱ्हाइकाला सांगा.

पाचूत बहुधा तेल किंवा रेझिन असतं. तो साफ करताना अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ टाळा. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या काचपेटीत, दिव्यांखाली पाचू ठेवला तर तेल सुकून चिरा पांढऱ्या दिसू लागतात.

नीलमात रेशमासारख्या सुया अखंड असतील, तर जास्त आच लागलेली नसावी. त्या तुटून ठिपके झाले असतील, तर गरम केल्याचा संशय घ्या. बेरिलियमची ट्रीटमेंट (तापवताना खड्यात बेरिलियम मुरवून रंग बदलणं) मात्र लूपने ठरवता येत नाही, महाग पिवळा किंवा नारिंगी खडा प्रयोगशाळेतच पाठवा.

खड्यासोबतच्या कार्डावरच्या ‘नॅचरल’ शब्दावर विसंबू नका. खडा खाणीतला आहे एवढाच त्याचा अर्थ, ट्रीटमेंट नाही असा नव्हे. हॉलमार्कही सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. म्हणून बिलात सरळ मराठीत लिहा: ‘माणिक, शिशाची काच भरलेला; आच व आम्ल टाळा.’ ‘पाचू, तेल दिलेला.’ ‘नीलम, गरम केलेला असण्याची शक्यता, प्रयोगशाळेत तपासलेला नाही.’ तोंडी सांगितलेलं पुढे कुणी मान्य करत नाही, आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली खोट्या वर्णनाची तक्रार होऊ शकते. कोंदण मागून बंद असेल तर तेही नोंदवा: ‘बंद कोंदण, ट्रीटमेंट तपासता आली नाही.’