लॅपटॉप गोठतो, डिस्क टकटकते: माझा अनुभव

माउस फिरतो पण क्लिक लागत नाही, २०-३० सेकंद सगळं ठप्प, डावीकडच्या तळहाताखाली 'टक्... टक्'. हायबरनेटमधून (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची सोय) उठवलं की काळ्या स्क्रीनवरच मुक्काम. दोष हार्ड डिस्कचा होता, रॅम वाढवून हे जात नाही.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये सी५ ची (वाचता न येणाऱ्या सेक्टरांची नोंद) रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, ३८ होती. आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या मोजणीत) असतो, म्हणजे खरे ५६ सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) वाचता न येणारे. डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू बघते आणि विंडोज ताटकळतं. ०५ (डिस्कने बदलून टाकलेल्या सेक्टरांची नोंद) शून्य दिसलं म्हणून गाफील राहू नका. सी७ (डेटाच्या ने-आणीतल्या चुकांची नोंद) वाढत असेल तर मात्र केबल किंवा कनेक्टर तपासा.

हायबरनेट करताना रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल डॉट सिस'मध्ये उतरतं. खराब सेक्टर नेमका त्या फाइलखाली आला की उठताना अडकणारच. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की फाइल उडते. ही फक्त तात्पुरती सोय.

चेकडिस्क /आर (खराब सेक्टर शोधणारी विंडोजची कमांड) आधी अजिबात नको, मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं. आधी डेटा बाहेर काढला. मग बॅटरीचा कनेक्टर सोडवून अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली आणि विंडोज नव्याने टाकलं. हायबरनेट शेवटी 'पॉवरसीएफजी /एच ऑन'ने परत चालू केलं.