पोर्शे स्पीडस्टरची रेप्लिका कोणाची? बनवणारा शोधताना या चुका टाळा

जाहिरातीत ‘१९५७ पोर्शे ३५६ स्पीडस्टर’ आणि खाली किंमत तीस-पस्तीस हजार डॉलर, असं दिसलं की गाडी रेप्लिका, म्हणजे नक्कल, आहे हे कळायला जाणकार लागत नाही. अस्सल स्पीडस्टर १९५४ ते १९५८ या काळात चार हजारांच्या आसपासच बनल्या आणि आज एकेक काही लाख डॉलरला जाते. खरी डोकेदुखी त्यापुढची. रेप्लिका आहे हे ठरलं, पण कोणाची? विकणारा छातीठोकपणे सांगतो ‘इंटरमेकॅनिका’, गॅरेजवाला म्हणतो ‘सीएमसी’ (दोन्ही रेप्लिका बनवणाऱ्या कंपन्या), आणि कागदावर लिहिलेलं असतं ‘फोक्सवॅगन १९६९’. यातला गॅरेजवाला आणि कागद, दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात.

नुसत्या उत्सुकतेचा हा प्रश्न नाही. पुढच्या काचेची चौकट, कापडी हूड, दारांचे रबर, बॉनेटची बिजागरी या गोष्टी एका कंपनीच्या दुसरीला बसतीलच असं नाही. विमा कंपनी नाव विचारते. विकायला काढली की गिऱ्हाईकही तेच विचारतं, आणि नावानुसार किमतीत चांगलाच फरक पडतो.

माझं म्हणणं एवढंच, की ‘कोणी बनवली’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. खालचा पाया कोणाचा, वरची फायबरची बॉडी कोणाची, आणि जोडणी कोणी केली? बहुतेक चुका या तिघांची सरमिसळ केल्याने होतात.

चासी नंबरवरून कंपनी ठरवणे

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक स्पीडस्टर रेप्लिकांच्या पोटात फोक्सवॅगन बीटल असते. त्याला कारणही आहे. मूळ ३५६ च बीटलच्या घराण्यातली. इंजिन मागे, हवेने थंड होणारं. त्यात स्पीडस्टर म्हणजे न्यूयॉर्कचा आयातदार माक्स हॉफमन याच्या आग्रहाखातर स्वस्तात बसवलेली गाडी, ३००० डॉलरच्या आतली. छप्पर कापडाचं, दारात वरखाली होणाऱ्या काचा नाहीत. नक्कल करायला इतकी सोपी गाडी दुसरी कुठली?

अडचण एकच होती, लांबीची. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, तर ३५६ चं २१००. म्हणून बीटलचा फ्लोअरपॅन, म्हणजे लोखंडी तळ, मधून कापून जवळजवळ एक फूट आखूड करायचा, पुन्हा वेल्ड करायचा आणि वर फायबरची बॉडी बसवायची, हा सरधोपट मार्ग झाला.

बीटलचा चासी नंबर मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध उंचवलेल्या भागावर, मागच्या सीटखाली ठोकलेला असतो. गिअरच्या दांड्याची जोडणी उघडायला तिथे एक छोटं झाकण असतं, त्याच्या जवळपास शोधा. रेप्लिकेत तिथे हमखास गालिचा चिकटवलेला असतो. तो हळूच उचलायचा, कापडाला थोडं रॉकेल लावून पुसायचं आणि वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. अंक कागदावर उमटतात. वायर ब्रश किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नका. नंबर पुसट झाला तर पुढे नोंदणीच्या वेळी खाडाखोडीचा संशय तुमच्यावर येतो, आणि ते प्रकरण निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

उमटलेला नंबर वाचायचा असा: १९६५ च्या मॉडेलपासून पहिले दोन अंक गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा वर्षाचा शेवटचा अंक. ११८ ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर म्हणजे साधी बीटल, १९६८. १९७० पासून नंबर दहा आकडी झाला. ११२ आणि त्यापुढे २ दिसला तर १९७२. सुरुवातीला १५ असेल तर मूळ गाडी उघड्या टपाची बीटल, १४ असेल तर फोक्सवॅगनचीच कारमन घिया.

एवढं सगळं करून तुम्हाला कळलं काय? फक्त पायाची जन्मतारीख. १९६८ चा पॅन १९८५ साली कापून त्यावर बॉडी चढवलेली असू शकते. बॉडी बनवणाऱ्याबद्दल हा नंबर एक शब्दही बोलत नाही.

उलट, तो नंबर नसणं हा मोठा धागा आहे. खाली बीटलचा पॅन नसून चौकोनी किंवा गोल नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा दिसला, तर पॅनवर बॉडी बसवणारे सगळे एका फटक्यात यादीतून गळतात. म्हणून नंबर शोधण्याआधी गाडी उचलून खालून बघावी. पॅन असेल तर वेल्डची आडवी रेघ सापडते. डाव्या आणि उजव्या बाजूचं चाकांमधलं अंतरही मोजून घ्या. दोन्हीकडे सारखं आलं नाही, तर जोडणाऱ्याचा हात कसा होता ते कंपनीचं नाव कळण्याआधीच कळेल.

कागदावरचं ‘मेक’ खरं मानणे

अमेरिकेत टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, बहुधा दाता गाडीचं (जिचा पाया वापरला तिचं) नाव आणि वर्ष येतं. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांचा वेगळाच वर्ग आहे. तिथे दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या नियमात सवलत मिळते आणि वर्ष बॉडी कोणत्या काळातल्या गाडीसारखी दिसते त्यावरून धरता येतं. त्यामुळे १९९० नंतर जोडलेल्या गाडीच्या कागदावर ‘१९५७’ असणं तिथे लबाडी असेलच असं नाही. काही गाड्यांना राज्याने स्वतःचा नंबर दिलेला असतो, तो ना फोक्सवॅगनचा ना रेप्लिका कंपनीचा.

इंग्लंडात २०२५ पर्यंत मूळ नोंदणी टिकवायला टिकलेल्या मूळ भागांचे किमान आठ गुण लागत आणि चासी मुळातली, न बदललेली असावी लागे. म्हणजे आखूड केलेल्या पॅनच्या गाडीवर बीटलची जुनी नोंदणी तशीच चालू असेल, तर उत्पादकाचा शोध बाजूला ठेवून आधी ते कागद कायदेशीर आहेत का ते बघा.

खऱ्या कामाचा कागद वेगळाच असतो. किट, म्हणजे घरी जोडायचा भागांचा संच, विकणारी कंपनी सोबत उत्पत्तीचा दाखला देते. त्यावर कंपनीचं नाव, किटचा क्रमांक आणि तारीख असते. जोडणीचं मॅन्युअल, किटचं बिल, पहिल्या मालकाने जपलेले पार्टच्या पावत्यांचे गठ्ठे, हे मागून घ्या. विकणारा म्हणतो ‘असतील कुठेतरी माळ्यावर’. तर माळा उघडायला लावा, संकोच करू नका.

लांबून फोटो जुळवणे

दोन फोटो शेजारी ठेवले, पुढचा उतार सारखा दिसला, झालं, अमुक कंपनी! हे चालत नाही, कारण या धंद्यात साचे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेत. कोणी साचे विकत घेतले, कोणी तयार बॉडीवरूनच नवा साचा उचलला. फ्लोरिडाच्या क्लासिक मोटर कॅरेजेस म्हणजे सीएमसीने फायबरफॅब ही जुनी किट कंपनी ताब्यात घेतली, आणि पुढे स्वतःचंही नाव बदलून स्ट्रीट बीस्ट्स केलं. नावं तीन, बॉडी सख्ख्या बहिणी.

बाहेरची कातडी रंगते, घासली जाते, पुट्टीने भरली जाते. म्हणून आतून बघा. बॉनेट उघडून त्याची खालची बाजू एकेरी आहे की दुहेरी, चाकाच्या वरच्या पोकळीत फायबरचा पोत कसा आहे, हाताने बसवलेल्या काचतंतूंच्या चटईचे धागे दिसतात की फवारलेल्या तंतूंच्या तुकड्यांचा खडबडीतपणा. बॉडीच्या कडेने लोखंडी नळ्या फायबरमध्ये गाडल्या आहेत का? दाराची बिजागरी कशाला बोल्ट केली आहे? हे तपशील साध्या रंगकामात बदलत नाहीत. याच जागांचे जवळून फोटो काढा आणि तसेच फोटो ओळख पटलेल्या गाडीच्या मालकाकडून मागवा.

आकाराने यादी छाटता येते, तेही खरं. पक्कं छप्पर असलेली ३५६ ची नक्कल असेल तर ब्राझीलच्या एन्व्हेमोचा विचार करावा लागतो. तिने स्पीडस्टरऐवजी ३५६ सी उचलली होती. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर मूळची इंग्लंडातल्या डॉर्सेटची चेसिल ही कंपनी आठवावी. पण एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. बीटलचा पाया असल्यावर स्टिअरिंगची बाजू बदलणं काही अशक्य नाही.

बिल्ल्याला भुलणे

पुढच्या उजव्या मडगार्डवर ‘रॉयटर, स्टुटगार्ट’ असा छोटा बिल्ला दिसला की लोक हरखतात. अस्सल स्पीडस्टरची बॉडी रॉयटरनेच बनवली, हे बरोबर. पण तो बिल्ला सुटा विकत मिळतो, पोर्शेचं सोनेरी नाव आणि स्टिअरिंगवरचं चिन्हही मिळतं. लोहचुंबक लावा, चिकटला नाही तर मडगार्ड रॉयटरचं नाही. फक्त खालच्या कडेला लावून निष्कर्ष काढू नका, तिथे आत नळी असू शकते.

रेप्लिका कंपनीची स्वतःच्या नावाची पट्टी मात्र नीट शोधा. बॉनेटखाली, बॅटरीजवळ, दाराच्या चौकटीत, डॅशबोर्डच्या मागे. रंगकाम करताना ती काढून ठेवतात आणि परत लावायची राहून जाते. रिव्हेटची दोन रिकामी भोकं दिसली तर विकणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पट्टी आहे का विचारा.

इंजिन, मीटर आणि काच

इंजिन नंबरचा आणि बॉडी बनवणाऱ्याचा बादरायण संबंध. बीटलचं इंजिन तासाभरात निघतं आणि या गाड्यांनी दोन-तीन इंजिनं सहज पाहिलेली असतात. आपल्याकडचं उदाहरण घ्या. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, तिच्यात इंजिन इसुझुचं १.८ लिटरचं. म्हणून कोणी तिला इसुझु म्हणेल का?

काचेवरचा शिक्का काचवाल्याचा असतो, गाडीवाल्याचा नाही. मीटर मात्र उपयोगी पडतात. व्हीडीओ कंपनीच्या मीटरच्या पाठीवर महिना आणि वर्ष छापलेलं आढळतं. डॅशबोर्डखाली हात घालून मोबाइलने फोटो काढा. सगळे मीटर एकाच वर्षाचे निघाले आणि ते वर्ष पॅनच्या वर्षाहून बरंच पुढचं असेल, तर जोडणी साधारण केव्हाची ते कळतं. त्या साली जी कंपनी अस्तित्वातच नव्हती, ती यादीतून बाद.

नाव कळलं म्हणजे दर्जा कळला, असं समजणे

इंटरमेकॅनिका म्हटलं की डोळे चमकतात. फ्रँक राइसनर यांची ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची. १९७० च्या दशकात ती कॅलिफोर्नियात आली आणि तिथे तिने आखूड केलेल्या बीटलच्या पॅनवर स्पीडस्टर बनवल्या. पुढे कॅनडात व्हँकुव्हरला गेल्यावर स्वतःचा नळ्यांचा सांगाडा आला. नाव एकच, गाड्या पूर्ण वेगळ्या. ‘इंटरमेकॅनिका आहे’ एवढ्यावर जास्तीचे पैसे मोजणारा, ‘कोणती?’ हे विचारायचं विसरलेला असतो.

सीएमसीचं उलटं. तिने मोठ्या प्रमाणावर किट विकले, आणि ते कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणाच्या हातून उभे राहिले याला धरबंध नाही. त्याच बॉडीची एखादी गाडी सुतासारखी सरळ आणि दुसरीची दारं बंद करायला खांदा लावावा लागतो. इथे तिसरा प्रश्न, जोडणी कोणाची, पहिल्या दोन्हींपेक्षा भारी ठरतो. वायरिंग बघा, ब्रेकच्या नळ्या कशा बांधल्यात ते बघा.

सगळं करूनही नाव सापडलं नाही, तर विम्याच्या अर्जावर ठोकून कंपनी लिहू नका. ‘बीटल १९६८ च्या आखूड पॅनवर फायबर बॉडी, बॉडीचा उत्पादक अज्ञात’ असं लिहून फोटो जोडा आणि मूल्य आधीच ठरवून घेणारी पॉलिसी मागा. हूड आणि काचेसाठीही नावावाचून अडत नाही. चौकटीवर जाड खाकी कागद ताणून साचा कापा, जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून घ्या, आणि ऑर्डर देताना दोन्ही पाठवा.